भास्कराचार्य : अव्यक्तास व्यक्त करणारे गणिती

जगात जे थोर पुरुष होऊन गेले, त्यांपैकी कित्येकांची आठवण त्यांनी जिंकलेल्या लढायांमुळे राहिली, तर कित्येकांची त्यांनी बांधलेल्या देवळांमुळे व किल्ल्यांमुळे. परंतु ज्यांचे नाव विद्यार्थ्यांच्या पाटीवर शतकानुशतके जिवंत राहिले, असे पुरुष फार थोडे. महाराष्ट्राच्या भूमीस ज्यांचा अभिमान वाटावा असे भास्कराचार्य हे त्या थोड्यांपैकी एक होत. त्यांचे चरित्र आमच्या बालवाचकांपुढे ठेवण्यास आणखी एक कारण आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार बिनचूक करणारी मुलेही शाब्दिक उदाहरण पुढे आले की थबकतात, हे प्रत्येक गणितशिक्षकास ठाऊक आहे. तेथे गणित मांडून दिलेले नसते. शब्दांच्या गर्दीतून ते आपणच शोधून काढावयाचे असते. ह्या अडचणीचा विचार भास्कराचार्यांनी ज्या आस्थेने केला आहे ती पाहिली म्हणजे, सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा हा आचार्य आपल्याच वर्गात उभा राहून शिकवीत आहे की काय, असे वाटू लागते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ साली झाला. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नमूद करून ठेविले आहे. त्यांचे गोत्र शांडिल्य. गावाचे नाव विज्जडवीड असून ते सह्याद्रीच्या आश्रयास होते, असेही ते सांगतात. ज्या सह्याद्रीचे फाटे आमच्या डहाणू-तलासरीच्या पूर्वेस पसरले आहेत, त्याच पर्वताच्या कुशीत हा बालक वाढला. विज्जडवीड म्हणजे आजचे कोणते गाव, ह्याविषयी पंडितांत मतभेद आहेत. मात्र जळगाव जिल्ह्यात चाळीसगावाजवळ पाटणे म्हणून जे स्थान आहे त्याच्याशी ह्या घराण्याचा निकट संबंध होता, ह्याचा भक्कम पुरावा शिलालेखाच्या रूपाने उपलब्ध आहे. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

वडील महेश्वर हे स्वतः नामांकित ज्योतिषी होते, आणि तेच भास्कराचे गुरू. बापाने मुलास शिकवावे आणि मुलाने ते ज्ञान वाढवून पुढच्या पिढीच्या हाती द्यावे, ही परंपरा त्या घरात अनेक पिढ्या चालली. आमच्या पालकवर्गाने ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. घरात पुस्तकांची रास असलीच पाहिजे असे नाही. मुलाने दिवसभरात काय शिकले हे संध्याकाळी आस्थेने विचारणारे कोणी असले, तरी विद्येस घरात जागा मिळते.

वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० साली, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा आपला प्रख्यात ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग मानतात : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्या भागात अंकगणित व क्षेत्रमापन आहे, दुसऱ्यात अव्यक्त राशींचे गणित आहे, आणि शेवटच्या दोहोंत ग्रहांच्या गतीचा व खगोलाचा विचार आहे. सर्व ग्रंथ संस्कृत पद्यात असून, नुसत्या पद्याने विद्यार्थ्यास अर्थ उमगणार नाही म्हणून त्यांनी त्यावर आपली स्वतःची टीकाही लिहिली. विद्वान ग्रंथकार पुष्कळ असतात. परंतु आपले लिहिणे शिकणाऱ्यास कोठे अडेल, हे आधीच ओळखून तेथे दिवा ठेवणारे ग्रंथकार विरळा.

लीलावती ह्या नावाविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. लीलावती ही आचार्यांची कन्या. तिच्या लग्नाची शुभ घटिका पाहण्यासाठी पाण्यात घटिकापात्र सोडले होते. कुतूहलाने ती त्यात डोकावली तेव्हा तिच्या दागिन्यातील एक मोती पात्रात पडून छिद्र बुजले, मुहूर्त टळला, आणि तिच्या सांत्वनासाठी पित्याने तिच्या नावाचा ग्रंथ लिहिला. कथा गोड आहे. परंतु ती फैजीने केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत येते. आचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात तिला आधार सापडत नाही. म्हणून ती कथा म्हणूनच ऐकावी. त्यांच्या ग्रंथात काही उदाहरणे एका बालेस उद्देशून घातली आहेत एवढे मात्र खरे.

ह्या ग्रंथातील उदाहरणे रुक्ष नाहीत. एका उदाहरणात भुंग्यांचा थवा आहे. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ इतके भुंगे मालतीच्या फुलांकडे गेले, एकंदर थव्याचा आठ-नवमांश भागही तिकडेच गेला, आणि उरला एक भुंगा कमळात अडकून पडला असता त्याची सखी बाहेर गुणगुणत राहिली. तर एकंदर भुंगे किती? उत्तर ७२ येते. ७२ चे निम्मे ३६, त्याचे वर्गमूळ ६. ७२ चा आठ-नवमांश ६४. आणि शेवटचे २ मिळून ७२ पुरे होतात. दुसऱ्या एका उदाहरणात ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडून त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीस टेकला आहे, आणि तो किती उंचीवर मोडला हे काढावयाचे आहे. उत्तर १२ हात. उभा राहिलेला भाग १२ हात, मोडलेला २० हात आणि जमिनीवरील अंतर १६ हात, असा हा काटकोन त्रिकोण होतो. आमच्या तालुक्यांत पावसाळी वाऱ्याने मोडलेला बांबू कोणी पाहिला नाही? जे रोज डोळ्यांपुढे आहे त्यातच गणित लपलेले आहे, हे दाखविण्याची आचार्यांची हातोटी अशी होती.

आता आपण त्यांच्या बीजगणिताकडे वळू, कारण आमच्या विषयाचे मर्म तेथे आहे. ह्या शास्त्राचे खरे बीज म्हणजे मनुष्याची बुद्धीच होय. अक्षरे व चिन्हे ही तिची सोबतीण आहेत, असे आचार्यांचे मत होते. म्हणूनच नुसती रीत पाठ करणाऱ्यास ते गणिती मानीत नाहीत.

त्यांची पद्धत थोडक्यात अशी आहे. उदाहरणात जी राशी विचारली असेल ती ठाऊक नाही म्हणून हात जोडून बसावयाचे नाही. तिला एक नाव द्यावयाचे. ते नाव यावत्तावत्, म्हणजे जितके असेल तितके. लिहिताना त्याचे आद्याक्षर या एवढेच घ्यावयाचे. आणखी अव्यक्त राशी असल्या तर त्यांस कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे द्यावयाची. जी संख्या ठाऊक आहे ती रूप. तिचे अक्षर रू. ऋण संख्या असेल तर अंकाच्या डोक्यावर टिंब. आज आपण क्ष लिहितो, ते त्या यावत्तावताचेच काम करते. नाव दिल्यावर, ती राशी जणू ठाऊकच आहे असे समजून, उदाहरण बोलेल तसे तसे करीत जावयाचे : दुप्पट म्हटले तर दुप्पट करावी, दहा काढले म्हटले तर दहा उणे करावे. असे करता करता एकमेकांशी समान असे दोन पक्ष तयार होतात. मग एका पक्षातील अव्यक्त दुसऱ्यातून वजा करावे, दुसऱ्यातील रूपे पहिल्यातून वजा करावी, आणि उरलेल्या रूपांस उरलेल्या अव्यक्ताच्या अंकाने भागावे. अव्यक्त व्यक्त झाले!

त्यांचेच एक उदाहरण घेऊ. एका व्यापाऱ्याजवळ रोख ३०० आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण त्याच्या अंगावर १०० चे कर्ज आहे. सर्व घोडे सारख्याच किमतीचे असून दोघांची मत्ता समान आहे. तर एका घोड्याची किंमत काय? किमतीस क्ष म्हणू. पहिल्याची मत्ता ६ क्ष अधिक ३००. दुसऱ्याची १० क्ष उणे १००. दोहोंतून ६ क्ष काढले तर ३०० बरोबर ४ क्ष उणे १०० असे उरते. दोन्हीकडे १०० मिळविले म्हणजे ४०० बरोबर ४ क्ष, आणि एका घोड्याची किंमत १००. पडताळा पाहा : पहिल्याचे ६०० अधिक ३०० मिळून ९००, दुसऱ्याचे १००० उणे १०० मिळून ९००. ह्यात कर्जास उणे चिन्ह मिळाले आहे हे ध्यानात घ्यावे. आपल्या भाषेत उणे संख्येस ऋण आणि अधिक संख्येस धन म्हणतात, त्याचे मूळ ह्याच व्यवहारात आहे.

दुसरे उदाहरण याहून चतुर आहे. दोन मित्रांपैकी एक म्हणतो की, तू मला १०० दिलेस तर मी तुझ्या दुप्पट धनवान होईन. दुसरा म्हणतो की, तू मला १० दिलेस तर मी तुझ्या सहापट होईन. दोघांचे धन किती? येथे उतावळा विद्यार्थी दोन अक्षरे घेऊन गोंधळात पडतो. आचार्यांनी एकाच अव्यक्तात काम भागविले. पहिल्याचे धन २ क्ष उणे १०० आणि दुसऱ्याचे क्ष अधिक १०० असे त्यांनी कल्पिले. ह्या कल्पनेत पहिली अट आपोआप पुरी होते. कारण १०० इकडून तिकडे गेले की पहिल्याचे २ क्ष आणि दुसऱ्याचे क्ष होतात. आता दुसरी अट लावू. दुसऱ्यास १० मिळाले म्हणजे त्याचे क्ष अधिक ११० झाले. पहिल्याचे १० गेले म्हणजे २ क्ष उणे ११० उरले. ह्याच्या सहापट १२ क्ष उणे ६६०. दोन्ही पक्ष समान, म्हणून ११ क्ष बरोबर ७७०, आणि क्ष बरोबर ७०. पहिल्याचे धन ४०, दुसऱ्याचे १७०. अव्यक्त कोणते धरावे ह्याचा क्षणभर विचार केला की पुढील अर्धे श्रम वाचतात, हा धडा ह्यातून मिळतो.

आता ज्या उदाहरणामुळे आमचा आचार्यांविषयीचा आदर विशेष वाढतो ते सांगतो. वानरांच्या एका कळपाचा आठवा भाग घेऊन त्याचा वर्ग केला तर जी संख्या येते तितके वानर रानात खेळत आहेत, आणि उरलेले १२ टेकडीवर आहेत. कळप केवढा? हे वर्गसमीकरण सोडविले तर ४८ आणि १६ अशी दोन उत्तरे येतात, आणि दोन्ही खरी ठरतात. ४८ चा आठवा भाग ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२ मिळून ४८. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२ मिळून १६. मग दुसरे उदाहरण येते. कळपाच्या पाचव्या भागातून ३ उणे करून त्याचा वर्ग केला तितके वानर गुहेत गेले, आणि एक वानर फांदीवर दिसत आहे. येथेही दोन उत्तरे निघतात, ५० आणि ५. पन्नासाचे ठीक आहे : पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले ७, वर्ग ४९, अधिक १ मिळून ५०. पण ५ चा पाचवा भाग १. त्यातून ३ उणे केले तर उरते उणे २. आकडेमोड म्हणते की उणे २ चा वर्ग ४, अधिक १ मिळून ५, म्हणजे हेही उत्तर बरोबरच. परंतु एका वानरातून तीन वानर वगळणार कसे? अशा ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून हे दुसरे उत्तर घेऊ नये, असा निर्णय आचार्यांनी दिला.

हा निर्णय लहान दिसतो, पण मोठा आहे. समीकरणाने उत्तर दिले तरी ते वस्तुस्थितीत बसते की नाही हे पाहण्याची जबाबदारी सोडविणाऱ्याचीच राहते. आजच्या भाषेत सांगावयाचे तर, येथे समीकरणाबरोबर एक असमता लपलेली आहे. पाचवा भाग ३ पेक्षा मोठा असला पाहिजे, म्हणजे कळप १५ पेक्षा मोठा हवा. ५० त्यात बसतात, ५ बसत नाहीत.

असमता म्हणजे काय हे आमच्या परिसरातल्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. घोलवड-बोर्डीकडील एका वाडीतून चिकूच्या पेट्या टेम्पोत भरावयाच्या आहेत. टेम्पोस ७५० किलोपेक्षा अधिक भार झेपत नाही. भरलेली पेटी २० किलोंची आहे, आणि मागे बसणाऱ्या दोन मजुरांचे वजन मिळून १२० किलो. तर जास्तीत जास्त किती पेट्या चढवाव्या? पेट्यांच्या संख्येस क्ष म्हणू. २० क्ष अधिक १२० हे ७५० पेक्षा मोठे होता कामा नये. म्हणून २० क्ष हे ६३० पेक्षा मोठे नको, आणि क्ष साडेएकतिसाहून मोठा नको. अर्धी पेटी चढविता येत नाही; म्हणून उत्तर ३१. साडेएकतीसच्या जागी कोणी ३२ लिहिले तर कागदावर फरक अर्ध्याचा दिसतो, पण घाटात टेम्पोचा धुरा तो फरक सहन करीत नाही.

आचार्यांच्या इतर कर्तृत्वाचा उल्लेख येथे संक्षेपानेच करतो. एका संख्येच्या वर्गास ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या कोणती, हा प्रश्न त्यांनी चक्रवाल नामक रीतीने सोडविला. त्यातील लहानात लहान संख्या २२,६१,५३,९८० इतकी मोठी आहे. फ्रान्स देशातील फर्मा ह्या गणितज्ञाने इ. स. १६५७ साली हाच प्रश्न युरोपातील पंडितांपुढे आव्हान म्हणून टाकला होता. तो आपल्याकडे पाचशे वर्षांपूर्वीच सुटलेला होता. ऋण संख्येस वर्गमूळ नसते, कारण ती कोणाचाच वर्ग नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. शून्याने भागिले असता येणाऱ्या राशीस त्यांनी खहर म्हटले व ती अनंत मानिली. आजचे गणित शून्याने भागणे मान्य करीत नाही, तरी ह्या अवघड जागी थांबून विचार करण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. आपल्या पूर्वीच्या ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ ह्या आचार्यांचे ऋण ते मोकळेपणाने मान्य करतात. वर्गसमीकरणाची रीत श्रीधरांची आहे असे त्यांनी नाव घेऊन सांगितले आहे. मोठेपणाची ही एक निश्चित खूण होय.

वय झाले तरी त्यांची लेखणी थांबली नाही. ग्रहांचे गणित सुलभ रीतीने करण्यासाठी त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ रचिला. त्यातील गणनेचा आरंभ शके ११०५, म्हणजे इ. स. ११८३ पासून धरिला आहे. तेव्हा त्यांचे वय ६९ वर्षांचे होते.

त्यांचे पुत्र लक्ष्मीधर ह्यांस यादव राजा जैत्रपाल ह्याने आपल्या पदरी बोलावून पंडितांत अग्रस्थान दिले. नातू चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी झाले. ह्या चांगदेवांनी आजोबांचे स्मारक म्हणून पुतळा उभारिला नाही. सिद्धान्तशिरोमणी आणि इतर ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांनी पाटणे येथे मठ स्थापिला. इ. स. १२०७ साली निकुंभ वंशातील सोइदेव ह्याने त्यास दान दिले. तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणिला. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, परंतु मठासाठी कोणी काय द्यावे ही व्यवस्था जुन्या मराठीत कोरलेली आहे. पंडितांची स्तुती देवभाषेत आणि देण्याघेण्याचा हिशेब लोकांच्या भाषेत! शाळा चालावी म्हणून गावातील साध्या लोकांनीही आपला वाटा उचलावा, ही कल्पना आमच्या महाराष्ट्रात इतकी जुनी आहे.

पुढे आचार्यांचे ग्रंथ देशोदेशी गेले. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ ह्यांनी इ. स. १५४५ साली लीलावतीवर टीका लिहिली. अकबराच्या दरबारातील फैजीने इ. स. १५८७ साली तिचे फारसीत भाषांतर केले. इ. स. १८१६ साली जॉन टेलर ह्यांचे इंग्रजी भाषांतर मुंबईत छापले गेले, आणि पुढच्याच वर्षी कोलब्रुक ह्यांनी लीलावती व बीजगणित ही दोन्ही इंग्रजीत आणिली. इ. स. १९७९ साली अवकाशात गेलेल्या भारताच्या उपग्रहासही भास्कर हेच नाव देण्यात आले. इ. स. २०१४ हे आचार्यांच्या जन्माचे नऊशेवे वर्ष. त्याच वर्षी आमचा पालघर जिल्हा अस्तित्वात आला, हा एक सुखद योगायोग.

आता शेवटी दोन शब्द ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे ह्याविषयी. आमच्या डहाणू-तलासरीच्या मुलखात ऋण हा शब्द केवळ गणिताच्या पुस्तकातला नव्हता. पावसाळ्यात घरातले धान्य सरले की वारली कुटुंबे सावकाराकडून खावटी आणीत, आणि पीक निघाले की ती दिढीने फेडावी लागे. कर्जापायी पिढ्यान् पिढ्या वेठीस जुंपल्या गेल्या. इ. स. १९४५ साली झरी येथे वारली बांधव एकत्र जमले आणि त्यांनी वेठीस नकार दिला, तेव्हा ती साखळी तुटू लागली. त्या काळचा एक हिशेब आपण मांडून पाहू. एका शेतकऱ्याच्या खळ्यावर २० मण भात निघाले, आणि खावटी दिढीने फेडल्यावर त्याच्याजवळ ११ मण उरले. तर त्याने खावटी किती घेतली होती? खावटीस क्ष म्हणू. त्याने दिढीने, म्हणजे क्ष व अर्धा क्ष मिळून, फेड केली. आणि फेडीत गेले ९ मण. म्हणून क्ष बरोबर ६ मण. सावकाराच्या वहीत जर ७ मण लिहिले असतील, तर दिढीने साडेदहा मण जावयास हवे होते आणि खळ्यावर साडेनऊच उरावयास हवे होते, हे ज्यास मांडता येते त्यास कोणी फसवू शकत नाही. ज्यास मांडता येत नाही, त्याने वहीवर अंगठा उठवावा एवढेच त्याच्या हाती उरते.

म्हणून मुलांनो, शाब्दिक उदाहरण दिसताच मार्गदर्शक पुस्तकातील उत्तर शोधू नका. उदाहरण दोनदा सावकाश वाचा. काय विचारले आहे ते ओळखून त्यास नाव द्या. शब्द जसे सांगतील तसे करीत जा. दोन पक्ष समान झाले की सोडवा, आणि उत्तर आले की ते खऱ्या जगात बसते की नाही हे पडताळून पाहा. पालकांनीही मुलांस परीक्षेतील गुण विचारण्याबरोबर दुकानातील पावती, विजेचे बिल किंवा सोसायटीच्या कर्जाचा हप्ता त्यांच्या हाती देऊन हिशेब मांडण्यास सांगावे. जे ठाऊक नाही त्यास घाबरून न जाता त्यास नाव देऊन त्याच्याशी सरळ व्यवहार करावा, हीच भास्कराचार्यांची शिकवण आहे. आणि ती गणिताच्या तासापुरती नाही, असे आम्हांस मनापासून वाटते.